मागच्या पायाचा रेटा

उंदराने तिच्या तळहाताला रेटा दिला. फार नाही. आगपेटीतली काडी मोडायला लागतो तेवढा, कदाचित त्याहूनही कमी. जया त्याच्या पोटावर अंगठ्याने हलका दाब देऊन मूत्राशय रिकामं करत होती; कण्याला मार बसलेल्या उंदरांना लघवी आपणहून होत नाही, सकाळ-संध्याकाळ ती कुणीतरी करवावी लागते. उजवा मागचा पाय नेहमीसारखा तिच्या हातमोज्यावर पडलेला होता, पंजा उलटा, भिजलेल्या वातीसारखा. मग तो पंजा सरळ झाला, बोटं पसरली, तळवा नीट टेकला आणि त्या तळव्याने तिला मागे ढकललं. जयाचा अंगठा जागीच थांबला. आपल्याच नाडीचा ठोका असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. श्वास रोखून ती वाट बघत राहिली, आणि त्या पायाने पुन्हा ढकललं, या वेळी जरा चिडून, जसं झोपलेलं माणूस अंगावरचा हात झटकतं.

"काय झालं वं?" समोरच्या टेबलाशी उभ्या असलेल्या उमेराने विचारलं.

"काही नाही," जया म्हणाली. आवाज तिला परका वाटला. उमेराला सांगता येत नव्हतं. सालईच्या डिंकातून वेगळा काढलेला घटक कोणत्या उंदरांना द्यायचा आणि कोणत्यांना नुसतं तेल, हे फक्त उमेराला ठाऊक होतं; सुया तीच टोचायची. उंदीर कसे चालतात हे जयाने बघायचं आणि गुण द्यायचे, कोणाला काय मिळालं ते न कळता; तिला दिसायच्या त्या फक्त पिंजऱ्यांवरच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या. गावंडे सरांनी हे मुद्दामच असं लावलं होतं. पहिल्याच दिवशी ते तिला म्हणाले होते, "घरचं दुःख घेऊन प्रयोगशाळेत आलं की आकडे आपल्या बाजूनं बोलायला लागतात. तू वाईट वाटून घेऊ नको, पण मी तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही." तिला वाईट वाटलं होतं. आता मात्र, उंदराला पिंजऱ्यात ठेवताना, निळ्या पट्टीच्या त्या पिंजऱ्याची कडी लावताना ती मनातल्या मनात त्याला गुण देऊनही बसली होती, आणि सरांचं म्हणणं तिला तंतोतंत पटलं.

ती मागच्या दाराने बाहेर आली. इमारतीमागे उन्हात जुनी मोडकी बाकं रचून ठेवलेली होती, त्यातल्या एकावर ती बसली. पलीकडे आर्णी रोडवरून एक एसटी घरघरत चढ चढत होती. आनंद झाला आहे हे तिला कळत होतं, पण तो आनंदासारखा येत नव्हता. भीतीच्या वाटेनं येत होता. तळहात अजून जागा होता. तिने मूठ मिटली, उघडली. हातांना पायांचं वजन माहीत असतं. गेली दोन वर्षं ती रोज सकाळी भारतचे पाय उचलत होती, गुडघ्यात वाकवत होती, घोटे फिरवत होती, आणि ते पाय तिच्या हातात नुसते येत होते, पोत्यातलं धान्य जसं हलवू तिकडे जातं तसे. इतक्या दिवसांत एकदाही त्यांनी तिला विरोध केला नव्हता. लहानपणी हाच भाऊ तांड्यावर खाटेवर शेजारी झोपताना लाथा मारायचा, ती रडत उठून आईकडे, याडीकडे जायची आणि याडी त्याला झोपेतच दोन धपाटे घालायची. माणसाने लाथ मारावी म्हणून कुणी आसुसून बसेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेडा ठरवलं असतं.

भारत छतांवर सोलरच्या प्लेटा बसवायचा. अंगाने हलका, पाय मांजराचे. टिनाच्या पत्र्यावर तो असा चालायचा की खाली बसलेल्याला आवाज येऊ नये. नेरला एका जिनिंगच्या शेडवर पत्रा सडका निघाला. तो थेट खाली आला आणि कापसाच्या गंजीपासून हातभर अंतरावर, सिमेंटच्या कठड्यावर पाठीवर पडला. जया तेव्हा हैदराबादच्या औषध कंपनीत नोकरीला लागायच्या बेतात होती, बॅग भरून झाली होती. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. कणा मोडलाच होता, पण ते म्हणाले, मोडल्याने झालं त्याहून जास्त नुकसान नंतरच्या सुजेनं केलं. मज्जारज्जू आपल्याच सुजेत गुदमरला. गुदमरला हा शब्द तिच्या डोक्यात राहिला. हैदराबादला ती गेली नाही. यवतमाळला गावंडे सरांकडे गेली आणि म्हणाली, मला सुजेवर काम करायचंय. झरी जामणीच्या जंगलातल्या सालईच्या डिंकाने सूज उतरते हे तिकडच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, आणि त्यातला नेमका कोणता घटक ते करतो यावर सर बरीच वर्षं डोकं खपवत होते. ती त्यात सामील झाली. सामील होणं म्हणजे काय, ते तिला नंतर कळलं. उंदराला भूल द्यायची, पाठ उघडायची, आणि ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं छोटंसं वजन त्याच्या उघड्या मज्जारज्जूवर सोडायचं. पहिल्यांदा वजन सोडलं तेव्हा झालेला आवाज इतका बारीक होता की तिला आपण तो ऐकलाच नाही असं वाटलं. जे भावाचं मोडलं तेच ती रोज आपल्या हातांनी मोडायला शिकली, आणि चांगली शिकली. सर म्हणायचे, जयाचा हात दर वेळी एकसारखा पडतो. घरी जाऊन त्याच हातांनी ती भारतचे घोटे फिरवायची. दोन्ही कामांमध्ये हात सारखेच काळजीपूर्वक चालतात हे लक्षात आलं, त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

पण आता तो रेटा आला होता. तेल मिळालेल्या उंदरांतही एखादा थोडाफार हलतो, शरीर स्वतःचं काहीतरी करतंच, हे तिला माहीत होतं. ती स्वतःला तेच तेच सांगत राहिली, आणि सांगता सांगता स्कूटी काढून जेवणाच्या सुट्टीत घरीही निघाली. दत्त चौकात सिग्नलला थांबली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांचे पाय तिला दिसायला लागले. ब्रेकवरचा पाय, फूटपाथवरून उतरणारा पाय, रिक्षाच्या दांडीवर टेकलेला पाय. हे सगळे लोक जमिनीला रेटा देऊन चालले होते आणि एकालाही त्याचं काही नव्हतं. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा ती भानावर आली.

भारत पुढच्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर बसून पंख्याची मोटर भरत होता. पडल्यानंतर त्याने हे काम शिकून घेतलं होतं. मांडीवर फडकं, फडक्यावर तांब्याच्या तारेची रीळ, खोलीभर व्हार्निशचा वास. त्याने वर बघितलं आणि तार सोडली.

"काय वं, ह्या टायमाले कशी आली?"

"अशीच. भूक लागलती, भिया."

"तोंड पाह्य आरशात. भूक लागल्यावर असं तोंड होते का?"

ती स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली, परत आली. न सांगायचं ठरवूनच ती आली होती. पण तो तिच्याकडे नुसता बघत होता, आणि घरात या बातमीएवढं मोठं दुसरं काहीच नव्हतं.

"एका उंदरानं पाय रेटला," ती म्हणाली.

भारतने मांडीवरच्या फडक्याला बोटं पुसली. "कोणत्या पायानं?"

"उजव्या."

"मागच्या?"

"मागच्याच. पुढचे तं चालतातच त्याचे."

"जोरात रेटला?"

तिने हात पुढे करून त्याच्या तळहातावर बोटाने दाबून दाखवलं. त्याने डोळे मिटले. "अजून एकदा दाखव," तो म्हणाला. तिने पुन्हा दाबलं. मग तो हसायला लागला, आधी आवाज न करता, खांदे हलवत, आणि मग असा की मांडीवरची रीळ घरंगळून दारापर्यंत गेली. तीही हसायला लागली. किती दिवसांनी, हे तिला आठवेना. अजून काहीच ठरलेलं नाही, तो औषधाचा उंदीर आहे की तेलाचा तेही आपल्याला ठाऊक नाही, हे ती हसता हसता सांगत होती आणि तो मान हलवत होता. पण त्याची मान कशासाठी हलते आहे हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. ती जेवून परत गेली. तिची स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली असेल नसेल, तेवढ्यात त्याने राळेगावकडच्या तांड्यावर याडीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून घरी आली तर दारात याडीच्या चपला. ती पहिल्याच गाडीने येऊन बसली होती. तिच्यापुढे जुन्या लुगड्याचं गाठोडं सोडलेलं, आणि त्यात सालईचा डिंक, पिवळसर, चिकट, सालीचे तुकडे लागलेला, ढीगभर. घरात देवळासारखा वास सुटला होता. झरीकडे जंगलात कामाला जाणाऱ्या तांड्यावरच्या लखीरामकडे तो होता. तिने तो त्याच्याकडून मागून आणला होता. पितळी वाटीत थोडा डिंक तुपात विरघळवून झालाही होता, वाटी भारतच्या हातात होती.

"याडी, थांब," जया म्हणाली.

याडी तांड्याच्या गोरबोलीत म्हणाली, उंदराला देता, मग माझ्या पोराला का नाही? तिच्या आवाजात राग नव्हता. तिचा चेहरा उजळलेला होता, हळदीच्या दिवशी बायकांचा असतो तसा. जया तिच्यापुढे खाली बसली. दाराबाहेर कुणीतरी दुरुस्तीचा पंखा घेऊन येऊन उभं होतं, भारतने त्याला हातानेच नंतर ये म्हणून सांगितलं. जयाच्या मनात एक वाट अशीही होती की डिंक खाऊ द्यावा. खाल्ल्याने फार तर पोट बिघडेल. महिनाभर हे घर असंच उजळलेलं राहील, याडी रोज तूप गरम करेल, भारत रोज पायाकडे बघेल. पण रोज पायाकडे बघणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं.

"भिया, ऐक," ती म्हणाली. "आम्ही देतो तो डिंक नाही, त्याच्यातली एकच गोष्ट काढून, साफ करून, सुईनं. आन् ते मार लागल्या लागल्या. पहिल्या काही तासात. सूज चढायच्या आत."

"आन् जुन्या मारावर?"

"जुन्या मारावर काही होत नाही. तिथं आता सूज नाही, वण हाय. सरांनी आधी करून पाह्यलंय. काहीच नाही झालं."

भारतने वाटीत बघितलं. "हे तुले काल माहीत होतं?"

"होतं."

"मंग काल हसून काहून राह्यलती?"

ती म्हणाली, "कारण त्यानं पाय रेटला."

याडीला सगळं कळलं नाही, पण दोघांचे चेहरे कळले. तिने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि डिंकाचं गाठोडं पुन्हा बांधायला लागली. गाठ बसेना, तरी बांधत राहिली. भारत वळून टेबलाकडे गेला आणि मोटर पुढे ओढली. त्या दिवशी, आणि नंतरही बरेच दिवस, तो कामापुरतंच बोलला. सकाळी पाय फिरवताना खिडकीकडे तोंड करून पडायचा. जया प्रयोगशाळेत जायची, आणि तिथे रोज काहीतरी घडत होतं. निळ्या पट्टीचा तो उंदीर आता पंजा ओढत दोन पावलं टाकत होता. मग त्याच पट्टीचा दुसरा. मग तिसऱ्याने पोट जमिनीवरून उचललं. तिला ओरडून सांगावंसं वाटायचं आणि सांगायला जो माणूस हवा होता तो घरी भिंतीकडे बघत तार गुंडाळत होता. आनंद असा एकट्याने सांभाळावा लागला की तो चोरीच्या मालासारखा वाटतो, हे तिला त्या दिवसांत कळलं. घराच्या दारात शिरताना ती चेहरा विझवायची. एकदा तो तिला म्हणाला, "कायले लपवते? दिसते मले."

प्रयोग संपला त्या दिवशी सरांनी उमेराला बोलावलं आणि कोणत्या रंगाच्या पट्टीला काय दिलं ते उघड करायला सांगितलं. उमेरा लांब व्हरांड्यातून जयाकडे चालत आली. चालत आली म्हणजे अर्ध्यावरून पळतच. "निळे सगळे दवाईवाले," ती म्हणाली. "पिवळे तेलवाले. जया, सगळेच्या सगळे." दोघी तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. उमेराने तिचा हात धरला होता आणि सोडत नव्हती. सर बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाले, पुन्हा करावं लागेल, दुसरीकडे कुणीतरी करून बघावं लागेल, माणसापर्यंत जायला वर्षं लागतील, कदाचित जाणारही नाही. हे सगळं ते बोलत होते आणि त्यांचा चष्मा काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

घरी तिने चेहरा विझवला नाही. दारातूनच सांगितलं. भारतने पक्कड खाली ठेवली.

"तो उंदीर मले दाखव," तो म्हणाला.

सरांनी परवानगी दिली. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या; जया आणि उमेराने खुर्ची उचलली, सरांनी मागून आधार दिला. भारतला पांढरा अंगरखा घातला, तोंडाला पट्टी बांधली. उमेराने उंदराला अरुंद लाकडी फळीच्या एका टोकाला ठेवलं. उंदराने मिशा हलवल्या, आणि निघाला. चाल सरळ नव्हती, मागचा भाग एकीकडे झुकत होता, एकदा डावा पाय फळीवरून निसटला आणि त्याने तो वर ओढून घेतला. भारत खुर्चीत इतका पुढे झुकला होता की जयाने मागून त्याचा अंगरखा धरून ठेवला. उंदीर दुसऱ्या टोकाला पोचला. जयाने भारतकडे बघायचं टाळलं, मग बघितलं. त्याच्या पट्टीवर, डोळ्यांच्या खाली, कापड ओलं झालं होतं. पण वरचे डोळे असे चमकत होते जसे ते पूर्वी छतावरून उतरताना, सगळ्या प्लेटा लागल्यावर चमकायचे.

"आता याचं काय करता?" त्याने विचारलं.

"त्याचा मज्जारज्जू आतून पाहावा लागन," जया म्हणाली.

भारतने फळीवरच्या उंदराकडे बघितलं. "म्हंजे मारता."

"हो."

त्याने हातमोजा घातलेलं एक बोट पुढे केलं आणि उंदराच्या पाठीवरून, केस कापलेल्या जागेवरून, एकदाच फिरवलं.

परत येताना ऑटोत तो बाहेर बघत होता. पोस्टल ग्राउंडजवळ अचानक म्हणाला, "मले उचललं कसं होतं, तुले माहीत हाय का?"

तिला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं.

"चौघांनी. दोघांनी बगलेत धरलं, दोघांनी पाय. झोळीवानी. मंग पिकपमधी बसवलं, बसवलं वं, टेकून. नेर ते यवतमाळ, रस्ताभर मान इकून तिकडं. त्या पोट्ट्यांचा काही गुन्हा नाही, ते रडत होते. पण तुह्या औषधाच्या आधी माणूस तं सरळ दवाखान्यात पोचला पाहिजे ना? झोळी करून आणला, तं कोणती सुई काय करन?"

प्रयोगशाळेत मार नेमका असतो, वजन ठरलेलं, उंची ठरलेली, त्यानंतर उंदराला दोन हातांवर आडवा, सपाट उचलून उबदार जागी ठेवतात. तिथे झोळी नव्हती. दोन वर्षं ती त्या मारानंतरच्या तासांवर काम करत होती आणि त्या तासांत एक पिकप होती हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"डोंगरसिंगले फोन लावतो. त्याच्या पोट्ट्यांले उचलाले शिकवू," भारत म्हणाला. डोंगरसिंग हा त्याचा जुना ठेकेदार, तांड्यावरचाच. फोन लावताना त्याचं बोट घाईत दोनदा चुकलं.

त्यानंतरच्या रविवारी राळेगावजवळ एका मोठ्या शेडवर डोंगरसिंगची माणसं काम करत होती. बरीचशी नवीन पोरं, कमरेला पट्टे, काहींच्या कानात बाळ्या. जयाने गावंडे सरांच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडून नीट विचारून घेतलं होतं, स्वतः दोनदा करून बघितलं होतं. ती बोलायला लागली, मान, पाठ, एका रेषेत, फळी. पोरं ऐकत होती, पण वर्गात ऐकतात तशी. भारतने तिला हाताने थांबवलं.

"मले खाली घ्या," तो म्हणाला.

कुणी पुढे आलं नाही. मग डोंगरसिंगने स्वतः त्याला खुर्चीतून उतरवून जमिनीवर, मुरमावर ठेवलं. भारत पाठीवर पडला, हात पसरले, एक पाय दुमडून वाकडा राहिला. तो त्याने तसाच राहू दिला. वर शेडच्या पत्र्याची कड होती आणि त्याच्यापलीकडे रिकामं, तापायला लागलेलं आकाश. नेरला तो असाच पडला असेल, आणि तेव्हा ती बॅग भरत होती. पण त्याचा चेहरा इतका मोकळा होता की तिला आधी तो ओळखूच आला नाही.

"मी आता पत्र्यावरून पडलो," तो जमिनीवरून म्हणाला. "जिवंत हाय, पाय हलत नाही. उचला मले."

दोघं पोरं सवयीने पुढे झाली आणि त्यांनी त्याला बगलेत हात घातले. तो हसला. "मेलो ना मी," तो म्हणाला. "ठेवा खाली. मान कोणी धरली? कोणीच नाही. जया, सांग त्यायले."

ती त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली. दोन्ही तळहात कानांच्या बाजूने लावून मान धरली आणि एकेकाला जागा दाखवली, खांदा, कंबर, मांडी, पोटरी. प्लेटांच्या खोक्याची लांब फळी कुणीतरी आणली. माझ्या एक-दोन-तीनवर, सगळ्यांनी एकदम, लाकूड वळवतो तसं, पीळ न पडता, असं ती सांगत होती. तिच्या हातात भावाचं डोकं होतं, जड, केसांत मुरमाचे खडे, आणि सगळ्यांचे श्वास एकत्र थांबलेले तिला ऐकू येत होते. तिने आकडे म्हटले. भारत एका बाजूला अखंड वळला, फळी खाली सरकली, तो परत पाठीवर आला, आणि मग फळी जमिनीपासून सुटली, सपाट, पाण्याने भरलेल्या परातीसारखी. पोरांच्या मनगटांवरच्या शिरा फुगल्या होत्या. पिकपच्या मागच्या फाळक्यापर्यंत ती त्याच्या डोक्यामागून चालत गेली, हात न सोडता, आणि तिला वाटलं की इतकं हळू आणि इतकं भरून आपण कधी चाललोच नव्हतो.

त्यांनी त्याला आत सरकवलं. भारत थोडा वेळ आकाशाकडे बघत पडून राहिला. मग पिकपच्या आतून त्याचा आवाज आला.

"बरं जमलं. आता काढा मले बाहेर, आन् दुसरे चौघं या."